थोरलीचं अंथरूण

हत्तिणींच्या झोपेची हजेरी घेणारी बाई दुसरीकडे कुठे असेल तर असो, या लॉजवर ती एकच होती. तोंडावर सगळे तिला ताई म्हणत, पाठीमागे झोपमास्तरीण, आणि घाईत असले की नुसतंच मास्तरीण. तिला तिन्ही नावं माहीत होती आणि तिन्हींना ती ओ द्यायची.

काम असं. उजाडलं रे उजाडलं की हत्तीखान्यात जायचं. तिथं सहा हत्तिणी, सगळ्या कुठून ना कुठून सोडवून आणलेल्या. प्रत्येकीभोवती एक फेरी मारायची आणि ती रात्री कोणत्या कुशीवर झोपली ते तिच्या अंगावर वाचायचं. डाव्या बरगडीला माती, शेण, गवताच्या काड्या चिकटलेल्या दिसल्या की वहीत लिहायचं, 'डावी'. उजवीकडे दिसल्या तर 'उजवी'. दोन्हीकडे असल्या तर बाईसाहेबांनी रात्री कूस बदलली, म्हणजे दुधात साखर. आणि दोन्ही अंगं कोरडी, स्वच्छ असली तर 'उभी'. हा शब्द लिहिताना मास्तरीण पेन एवढं दाबायची की तो मागच्या दोन पानांवर उमटायचा.

हे सगळं साडेसहाच्या आत. साडेसहाला पाइप सुरू व्हायचा. सातला पाहुणे वरच्या डेकवर चहाला यायचे आणि त्यांना हत्तीण लागायची ती नुकत्याच पॉलिश केलेल्या बुटासारखी. एकदा अंगावर पाणी पडलं की रात्र धुऊन गेली. मग कोण झोपलं आणि कोण नाही, हे देवाला विचारलं तरी तो कानावर हात ठेवणार.

लोक हसायचे. "आमच्या झोपेची नोंद बायकोसुद्धा ठेवत नाही," असं माहूत म्हणायचे. मास्तरीण त्यांना हसू द्यायची. तिनं बावीस वर्षं इस्पितळात आयाचं काम केलं होतं. दर दोन तासांनी अंथरुणाला खिळलेल्या पेशंटची कूस बदलायची, पाठीला पावडर लावायची, आणि कोण नुसतं डोळे मिटून पडलंय आणि कोण खरंच झोपलंय ते दारातून ओळखायचं. तिचं एक म्हणणं होतं आणि ते ती डॉक्टरलाही ऐकवायची: माणूस असो की हत्तीण, जो रोज आडवा होत नाही तो एक दिवस एकदमच आडवा होतो.

थोरलीच्या बाबतीत हे म्हणणं फारच जवळ आलं होतं.

थोरली म्हणजे कळपातली सगळ्यांत वयस्क. पाटीवर तिचं नाव 'महाराणी' असं होतं, पण तिथं काम करणाऱ्यांपैकी कुणी तिला त्या नावानं हाक मारली नाही. महाराणीनं चाळीस वर्षं लाकडाच्या वखारीत ओंडके ओढले होते. पुढचा डावा गुडघा वाकायचा नाही. सपाट जमिनीवर ती बसली तर उठणार कशी, ही तिला रोजची धास्ती. म्हणून ती बसायचीच नाही. लॉजवर आली तेव्हा पहिले दोन आठवडे ती उभ्या उभ्या पेंगत होती. मग डॉक्टरांनी सांगितलं, वाळू आणा. हत्तीखान्याच्या मागच्या अंगणात माणसाच्या छातीएवढा वाळूचा ढीग घातला गेला. थोरली त्याला उजवं अंग लावायची, रेलायची, वाळू खचत जायची तशी हळूहळू खाली सरकायची आणि झोपायची. सकाळी त्याच उतारावरून ढकलून उभी राहायची. पाच वर्षं वहीत तिच्या नावासमोर 'उजवी', 'उजवी', 'उजवी'. एखाद्या गुणी मुलीच्या प्रगतिपुस्तकासारखं.

यंदा मोसम सुरू व्हायच्या आधी लॉजनं डेक वाढवला. पूर्वी तिथून नुसती नदी दिसायची. आता नदी, झाडी आणि हत्तीखान्याचं मागचं अंगण सगळं एका नजरेत यायला लागलं, आणि त्या नजरेच्या बरोबर मधोमध थोरलीचा ढीग.

"बांधकाम चालू आहे असं वाटतं हो," मॅनेजर म्हणाला. मॅनेजर चाळिशीच्या आतला, मऊ आवाजाचा. 'नाही' हा शब्द त्याच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता, आणि 'हो' म्हटलेलं काम झालेलंही कुणी पाहिलं नव्हतं. "पाहुणे कुठून कुठून येतात, मावशी, आणि फोटोत काय, तर ढिगारा."

"मी तुमची मावशी नाही. आणि तो ढिगारा नाही, तिचं अंथरूण आहे."

"आहेच. मी कुठं नाही म्हणतो? मोसम संपला की परत घालू."

"मोसम पाच महिन्यांचा."

"बघता बघता जातील."

"मग तुमचा पलंग नेते पाच महिने. बघता बघता जातील."

मॅनेजर हसला. मास्तरीण रागावली की लोकांना ती विनोद करते असं वाटायचं, हे तिचं जुनं दुखणं होतं.

तिसऱ्या दिवशी ट्रॅक्टर आला. ढीग उचलला, चाळला, त्यातल्या काड्या-शेण काढून टाकलं आणि ती वाळू पोहण्याच्या तलावाकाठी नेऊन पसरली. नुसती पसरली नाही, छान उतार केला, त्यावर आरामखुर्च्या मांडल्या, छत्र्या रोवल्या आणि त्याला 'किनारा' असं नाव दिलं. म्हणजे थोरलीखालचं अंथरूण काढून पाहुण्यांच्या पाठीखाली घातलं. थोरलीनं चाळीस वर्षं ओंडके ओढले होते. पाहुण्यांनी असं काय ओढलं होतं म्हणून ते एवढे थकले होते, हे मास्तरीणला कळेना. त्यांच्या बॅगासुद्धा दुसरेच ओढत होते.

नऊ दिवस तिनं 'उभी' लिहिलं. नऊ दिवस वही घेऊन ती मॅनेजरच्या खोलीत गेली.

"नऊ दिवस झाले," मॅनेजर शेवटी म्हणाला, "काही झालं का? उभी आहे ना अजून?"

"हो, उभीच आहे! तेच तर बोंबलून सांगतेय!"

आणि दहाव्या दिवशी चमत्कार झाला. थोरलीच्या उजव्या बरगडीवर माती. मांडीवर शेणाचा पट्टा, दोन-चार गवताच्या काड्या. मास्तरीण बघतच राहिली. तिनं थोरलीच्या पायाला मिठी मारली, नऊ दिवसांचा साठलेला राग तिच्या कानात ओतला, मग वहीत लिहिलं, 'उजवी'. त्या दिवशी थोरलीला एक भोपळा जास्त मिळाला.

अकराव्या दिवशी 'उजवी'. बाराव्या दिवशी 'उजवी'. असे बारा दिवस गेले.

काही गोष्टी दिसत होत्या, नाही असं नाही. थोरली चालताना डावा पाय जास्त घासत होती. दुपारी तोंडातला चारा अर्ध्यातच विसरत होती. पण वहीत 'उजवी' होतं, आणि वही मास्तरीणनं स्वतः लिहिली होती. दुसऱ्याचं लिहिलेलं असतं तर तिनं दहादा तपासलं असतं. स्वतःच्या अक्षरावर माणूस डोळे मिटून विश्वास ठेवतो.

गुरुवारी डॉक्टर आले. आठवड्यातून एकदा यायचे, घाईत असायचे, आणि मागचे दोन गुरुवार तर चुकलेच होते. त्यांनी वही चाळली, खाली शेरा मारला: 'कडक जमिनीवर झोपण्याची सवय झाली आहे. वाळूची आवश्यकता नाही.' सही. मॅनेजरनं त्या पानाची प्रत काढून फाइलला लावली आणि फाइल कपाटात.

शुक्रवारी सकाळी पंप बिघडला.

पाइप सुरू व्हायला तास लागणार होता. मास्तरीणच्या हाती आयता वेळ आला. थोरलीच्या डोळ्यांतून दोन दिवस पाणी येत होतं, तेव्हा ते पुसून घ्यावं म्हणून ती कोमट पाणी आणि फडकं घेऊन स्टुलावर चढली. डोळा पुसला. डोळ्याखालून गालापर्यंत फडकं फिरवलं आणि फडक्याकडे पाहिलं.

फडकं स्वच्छ होतं.

तिनं परत फिरवलं. कानाच्या कडेवरून, कानशिलावरून, जबड्याखालून. काही नाही. ना माती, ना काडी.

ती स्टुलावरच उभी राहिली. बावीस वर्षं तिनं झोपलेले लोक पाहिले होते. कुशीवर झोपलेल्या माणसाचा गाल उशीला लागतो. कान दुमडतो. गालावर चादरीच्या सुरकुत्या उमटतात. हत्तीण काय डोकं खुंटीला अडकवून ठेवून झोपते? बरगडी मळलेली, मांडी मळलेली आणि गाल मात्र लग्नाला निघाल्यासारखा!

ती खाली उतरली, बरगडीपाशी गेली आणि त्या मातीवर फुंकर मारली. माती उडाली. हत्तीण तीन हजार किलोची. ती ज्या मातीवर झोपते ती माती कातडीच्या घडीघडीत दाबली जाते, ब्रशनं घासली तरी निघत नाही. ही माती वर भुरभुरून बसली होती. करंजीवर पिठी लागावी तशी.

कुणीतरी टाकली होती. आणि जो कुणी होता त्याला गालाचं सुचलं नव्हतं.

रात्री हत्तीखान्यावर एकच माणूस असायचा. मास्तरीणचा सख्खा धाकटा भाऊ. त्याचं बारशाचं नाव लोक विसरले होते. कशालाही 'जाऊ दे गं', 'जाऊ दे रे' म्हणायचा, म्हणून त्याचं नाव जाऊदे पडलं होतं. हजेरीपत्रकातसुद्धा कारकुनानं एकदा चुकून तेच लिहिलं होतं, आणि जाऊदे म्हणाला होता, असू दे.

कामगारांच्या खोल्या भाजीच्या वाफ्यांपलीकडे, रांगेनं. भावा-बहिणीला मिळून एक खोली. जाऊदे रात्रपाळी करून नुकताच आडवा झाला होता. तोंडावर टॉवेल, पाय खाटेच्या बाहेर, घोरणं चालू. उजव्या कुशीवर.

ते बघून मास्तरीणच्या डोक्यात काय झालं ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. तिनं खाटेची एक बाजू धरली आणि उचलली. जाऊदे भिंत आणि खाट यांच्यामध्ये जाऊन पडला.

"अगं! आग लागली का?"

"लागलीये. ऊठ. किती दिवस?"

"काय किती दिवस?"

"माती किती दिवस टाकतोयस?"

जाऊदे उठला नाही. तिथंच, टॉवेल छातीशी धरून बसला. मग म्हणाला, "तुला कुणी सांगितलं?"

"तिच्या गालानं सांगितलं. किती दिवस?"

"बारा."

"म्हणजे एक रात्रसुद्धा झोपली नाही."

"नाही."

"एकवीस रात्री."

जाऊदेनं टॉवेलाचं टोक पिळलं.

"तू रोज बघत होतास. तिच्यासमोर खुर्ची टाकून बघत होतास. काय करते ती? सांग. मला वहीत लिहायचंय."

"ताई, जाऊ दे ना—"

"सांग!"

"भिंतीला कपाळ लावते," जाऊदे म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला. "सोंड जमिनीवर टेकवते, काठीसारखी. डोळे मिटते. जरा डुलकी लागली की पुढचा गुडघा जातो. मग दचकते. परत कपाळ लावते. रात्रभर हेच."

"आणि तू बादली घेऊन येतोस."

"मला मॅनेजरनं बोलावलं होतं. म्हणाला, वहीत परत 'उभी' आलं तर ही वहीच बंद करू. वही बंद म्हणजे तुझं काम बंद. तुझं काम बंद म्हणजे खोली... एकट्याला खोली देत नाहीत. कुठं जाणार होतो आपण? मी तुझ्यासाठी केलं, ताई."

"माझ्यासाठी करायचं होतं तर माझ्या अंगावर टाकायची होतीस माती! तिच्या अंगावर कशाला टाकलीस? एक तर बिचारी झोपत नाही, त्यात तिनं झोपल्याचं सोंग करायचं, तुझ्या-माझ्या भाकरीसाठी? माणसांनी तिच्याकडून चाळीस वर्षं काम काढलं, तेवढं पुरलं नाही म्हणून तूही कामाला लावलीस?"

"मी माती टाकताना ती काही करायची नाही गं," जाऊदे म्हणाला. "उभी राहायची. दमलेली असायची ना."

हे त्यानं बोलायला नको होतं. मास्तरीण दारापर्यंत गेली होती ती परत फिरली. हात उचलला. मग तो हात तिनं खाटेवर आपटला, खाटेची पट्टी निघाली, आणि ती बाहेर पडली.

मॅनेजरच्या खोलीत एसी चालू होता. भिंतीवर थोरलीचा मोठा फोटो होता, डोळे मिटलेले, सोंड वर. खाली लिहिलं होतं, 'निवांत'. मास्तरीणनं वही टेबलावर टाकली.

"हे बारा दिवस खोटे आहेत. खोडून द्या. ती एकवीस रात्री झोपलेली नाही. वाळू आजच्या आज हवी."

मॅनेजरनं वही उघडली, मिटली आणि बाजूला सरकवली. "बसा ना, मावशी. पाणी घ्या."

"पाणी नको, वाळू द्या."

"ही नोंद कुणी केलीय?"

"मी."

"सही?"

"माझी. खाली डॉक्टरांची."

"म्हणजे तुम्ही बारा दिवस खोटी नोंद केली, असं तुम्हीच म्हणताय." मॅनेजरचा आवाज जास्तच मऊ झाला. "हे गंभीर आहे हो. पण मी कुठं काही म्हणतोय? फक्त एक सांगा, बारा दिवस खोटं लिहिणाऱ्या माणसाचं तेराव्या दिवशी खरं कशावरून मानायचं?"

मास्तरीणनं आयुष्यात बरीच माणसं पाहिली होती. मोठ्यानं ओरडणारे डॉक्टर, बिलावरून भांडणारे नातेवाईक, मेलेल्या पेशंटच्या अंगठ्या शोधणारे जावई. पण माती टाकायला लावणारा, मग ती तिच्याच हातानं लिहवून घेणारा आणि मग त्या हातालाच खोटा म्हणणारा माणूस तिनं पहिल्यांदा पाहिला. चोर तो चोर आणि वर शिरजोर, असं लोक म्हणतात. पण हा चोर एसीत बसून पाणी घ्या म्हणत होता.

"माझ्या भावाला तुम्हीच बोलावलंत."

"भावाला मी काळजी घे म्हणालो. त्यानं त्याच्या परीनं घेतली." मॅनेजर उभा राहिला. "गुरुवारी डॉक्टर येतील तेव्हा बघू. तोवर रबरी चटई मागवतो."

"गुरुवारपर्यंत तिचा गुडघा राहणार नाही."

"हो हो," मॅनेजर म्हणाला आणि दार उघडून धरलं.

दुपारी चारला नदीफेरी असायची. सहा हत्तिणी ओळीनं हत्तीखान्यातून निघायच्या, बागेच्या कडेनं, तलावाच्या कुंपणाला वळसा घालून नदीवर जायच्या. पाहुणे आरामखुर्च्यांमधून बघायचे. वाटेच्या तोंडाशी मोठी पाटी होती: 'इथे अंकुश नाही, साखळी नाही, सक्ती नाही. इथे हत्तिणी आपल्या मर्जीने चालतात.' ही पाटी खरी होती. माहूत हातात फळांची पिशवी घेऊन नुसते बरोबर चालायचे. कुणी कुठे रेंगाळली की केळं दाखवायचे.

थोरली रोज तलावाच्या वळणावर रेंगाळत होती. सोंड कुंपणावरून आत घालून हवा हुंगायची, मग माहूत केळं पुढे करायचा आणि ती निघायची. सगळ्यांना वाटायचं, तिला पाणी आवडतं.

त्या दिवशी मास्तरीण माहुताच्या बाजूला चालत होती. वळण आलं. थोरलीनं सोंड आत घातली. माहुतानं पिशवीत हात घातला.

"नको देऊस," मास्तरीण म्हणाली.

"का?"

"ती मर्जीनं चालते ना? मग बघू दे तिची मर्जी काय आहे."

"ताई, माझी नोकरी जाईल."

"तू काहीच करत नाहीयेस. काहीच न केल्याबद्दल इथं आजवर कुणाची नोकरी गेलेली नाही. वरपासून मोजत ये."

माहूत हसला आणि हात पिशवीतून बाहेर काढला. मास्तरीणनं कुंपणाच्या लाकडी फाटकाची कडी काढली आणि फाटक पुरतं उघडून धरलं.

थोरलीनं त्या फाटकाकडे पाहिलं. मग डावा पाय घाशीत, घाईघाईनं, कर्ज मागायला आलेल्याला चुकवून आत शिरावं तशी ती आत शिरली.

एक बाई किंचाळली. कुणाचा तरी पेला फुटला. खुर्च्यांवरचे लोक उठले, दोन-तीन पाण्यातच राहिले. आणि खोलीवर झोपलेला असायला हवा होता तो जाऊदे कुठून तरी पळत आला. डोळे तांबारलेले, बनियन उलटं. त्यानं आरामखुर्च्या उचलून बाजूला फेकायला सुरुवात केली. एका खुर्चीवर एक लठ्ठ गृहस्थ कानात गाणी घालून झोपले होते. जाऊदेनं त्यांना खुर्चीसकट ओढत नेलं. छत्र्या उपटल्या. उतार मोकळा झाला.

थोरली उतारापाशी थांबली. उजवा पाय वाळूवर ठेवून दाबून बघितला. परत दाबला. मग उजवं अंग वाळूकडे केलं आणि रेलली. वाळू खचली. ती आणखी रेलली. डावा पुढचा पाय ताठ तसाच पुढे सरकत गेला, मागचे गुडघे दुमडले, आणि मग एवढी मोठी हत्तीण, भिंत बसावी तशी, सावकाश आडवी झाली. तोंडातून एक लांब आवाज निघाला. गाल वाळूवर टेकला. डोळा दोनदा उघडला, मिटला.

थोड्या वेळानं ती घोरायला लागली.

तलावाकाठी चाळीस माणसं होती. काठावरचे काठावर, पाण्यातले पाण्यात उभे होते.

मॅनेजर धावत आला, नेहमीचा मऊ आवाज घरी विसरून. "काय चाललंय हे? कुणी फाटक उघडलं? उठवा तिला! उठवा—"

"शू!" एक म्हातारी पाहुणी म्हणाली. मानेला पट्टा, हातात काठी. "झोपलीये ना ती! कळत नाही का तुम्हाला?"

मॅनेजरचा वर गेलेला हात खाली आला. त्यानं आजूबाजूला पाहिलं. तीस-पस्तीस फोन वर झालेले होते. त्याच्या चेहऱ्यावर आधी भीती आली, मग हिशेब आला, मग हळूहळू हसू आलं. ही तिन्ही पायऱ्या मास्तरीणनं एकेक करून पाहिल्या.

थोरली अडीच तास झोपली. तेवढा वेळ मॅनेजर पाहुण्यांमध्ये फिरून कुजबुजत होता. उन्हं कलायला लागली तेव्हा तो मास्तरीणजवळ आला.

"कमाल झाली हो," तो म्हणाला. "लोक वेडे झालेत. आपण असं करू. रोज चार ते सहा, इथंच. 'महाराणीची विश्रांती.' खुर्च्या जरा मागे घेऊ. तिला झोपही मिळेल आणि—"

"रोज चारला तिला झोप येणार?"

"सवय लावू."

"तुमच्या पलंगाभोवती चाळीस खुर्च्या मांडते," मास्तरीण म्हणाली. आवाज कमी करायची तिला आता गरज वाटेना, कारण थोरली जागी होऊन कान हलवत होती. "तिकीट लावते. मग बघू तुम्हाला सवय लागते का. नऊ दिवस वही घेऊन तुमच्या दारात आले, तेव्हा तुम्हाला वेळ नव्हता. आता तिच्या झोपेचं वेळापत्रक करता? तिची वाळू तिच्या अंगणात जाणार. आज. आत्ता."

"हळू बोला."

"नाही बोलत हळू! तिची वाळू काढून लोकांच्या पाठीखाली घातलीत तुम्ही!"

ती मानेला पट्टा घातलेली म्हातारी उभी राहिली. स्वतःच्या पायांखाली पाहिलं. "म्हणजे ही वाळू तिची होती?" तिनं मॅनेजरला विचारलं, आणि ती बहिरी असावी, कारण प्रश्न नदीपलीकडे गेला असेल. "आम्ही तिच्या अंथरुणावर झोपत होतो?"

चाळीस माणसं मॅनेजरकडे बघायला लागली.

"तात्पुरती," मॅनेजर म्हणाला. "तात्पुरती आणली होती. परत नेणारच होतो. म्हणजे, आजच. आजच शुभारंभ." आणि त्यानं टाळ्या वाजवल्या. दोघा-तिघांनी त्याला साथही दिली.

थोरली उतारावरून ढकलून उभी राहिली, अंग झाडलं आणि पाहुण्यांच्या टॉवेलांवरून चालत बाहेर गेली. तिच्या उजव्या अंगावर वाळू गच्च बसली होती.

माहूत फावडी आणि हातगाड्या घेऊन आले. मॅनेजरनं मास्तरीणला उपटलेल्या छत्र्यांच्या आड गाठलं. हसू तसंच ठेवून, दातांच्या फटीतून म्हणाला, "उद्यापासून तुम्ही लाँड्रीत. पाहुण्यांच्या पलंगावर टॉवेलांचे हत्ती करून ठेवतात ना, ते करायचे. वही बंद."

मास्तरीणनं त्याच्याकडे पाहिलं. हा माणूस एखादी गोष्ट द्यायची वेळ आली की दुसरी काढून घेतल्याशिवाय देत नाही, हे तिनं मनात नोंदून ठेवलं.

"करीन," ती म्हणाली. "टॉवेलांचे हत्तीच बरे तुम्हाला. कसेही दुमडा, काही बोलत नाहीत. आता बाजूला व्हा. त्या वाळूवर उभे आहात तुम्ही."

मॅनेजर बाजूला झाला.

जाऊदे हातगाडी घेऊन आला. बारा रात्रींची चोरी आणि एका दिवसाचं जागरण, दोन्ही त्याच्या तोंडावर होतं. मास्तरीणनं त्याच्याकडे न बघता फावडं वाळूत घातलं आणि एक भरलेलं फावडं त्याच्या गाडीत रिकामं केलं. मग दुसरं.

"ताई," जाऊदे म्हणाला, "खुर्च्या मी काढल्या ना? फेकल्याच की. मॅनेजर म्हणाला ते ऐकलं मी, तुझं वहीचं काम गेलं. आता निदान बोल तरी माझ्याशी."

मास्तरीणनं तिसरं फावडं ओतलं. चौथं ओतलं. पाचव्याला ते फावडं त्याच्या हातात दिलं.

"भर," ती म्हणाली, आणि गाडीचा दांडा धरून वाट बघत उभी राहिली.